आखाजीच्या डावातील साक्ष

अर्जदार : मी स्वतः, वय पन्नाशीच्या आतबाहेर, शिक्षण नववी, धंदा तहसील कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देणे. दिनांक : यंदाची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दुपार. ठिकाण : नंदुरबार, राहते घर. हजर : मुलगा, आणि सासरहून आलेली मुलगी. साक्षीदार : कोणी नाही. घरच्या माणसांची नावे मी कोणत्याही अर्जात घालत नाही, म्हणून येथेही घातलेली नाहीत.

सविनय सांगतो ते असे. पत्नी गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. सकाळी तिच्या नावाची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी ठेवली, नमस्कार केला. काही वाटले नाही. लोकांचे दुःख दोन परिच्छेदांत बसवण्याचा हात मला आहे. त्या घागरीपुढे एक ओळही सुचली नाही.

आखाजीला आमच्या भागात घरोघर पत्ते निघतात. यंदा मुलीने पिशवीतून मुठीत मावेल एवढी पत्र्याची डबी काढली. आत जाड, छोटे पत्ते, त्यांवर फळांची आणि पाखरांची चित्रे. शहाद्याच्या दुकानात घेतली म्हणाली. पाळीपाळीने पत्ता उघडा टाकायचा. लागोपाठ दोन सारखी चित्रे पडली की ढिगावर हात मारायचा, आणि ज्याचा हात पहिला त्याचा ढीग.

आमच्या घरी खेळालाही कायदा आहे आणि तो मी घालून दिलेला आहे : तंटा झाल्यास साक्षीशिवाय निकाल नाही. साक्ष नेहमी पत्नीची असे. पत्ते तिच्या हातात, पण लक्ष लेकरांकडे. "मी दखं," म्हणजे मी पाहिले, एवढेच ती म्हणे, आणि मुलगा कुरकुरत डाव सोडून देई, कारण तिची साक्ष बहुतेक वेळा मुलीच्या बाजूने पडे. मी हरकत नोंदवीत असे. ती हसे.

यंदा तिघेच बसलो. आंब्यावर आंबा पडलेला मला दिसला. हात मांडीवरच राहिला.

"आबा, झोपनात का?" मुलगा म्हणाला.

"झोपनात नही. शिक्कानी वाट दखी ऱ्हायनात," मुलगी म्हणाली.

दोघे हसले. मीही हसल्यासारखे केले. मग पोपटावर पोपट पडला आणि दोघांचे हात एकदमच ढिगावर आले.

"मन्हा हात खाले शे!" मुलगी ओरडली.

"खाले तुन्हं नख शे. हात मन्हा शे. लबाड!"

"आबा, तुम्ही सांगा. कोना हात पहिला?"

मी समोरच बसलो होतो. मुलीचा हात पहिला होता, हे मला स्वच्छ दिसले होते. तरी "माझ्या पाहण्यात आले नाही," असे मी म्हणालो, कचेरीत म्हणतात तसे.

तिने हात काढून घेतला. "आई ऱ्हाती ते सांगती," ती म्हणाली. मग पत्त्यांकडे बघत, "आई ऱ्हाती ते माले लेवाले बी कोणी येता."

आखाजीला सासुरवाशिणीस आणण्यासाठी भाऊ मुराळी म्हणून जातो. मुराळ्याशिवाय आलेली लेक शेजारणींच्या नजरेत न बोलावता आलेली ठरते. यंदा ती एकटीच एसटीने आली होती.

"माले दरसाल आईच सांगे," मुलगा पुटपुटला. "यंदा कोणी सांगंच नही."

त्याला ठाऊक असेल, असे मी धरून चाललो होतो. हे काम घरात कोणाकडे नेमून दिलेले नव्हते. पत्नी ते करीत असे, एवढेच.

मुलीने पत्ते गोळा करून डबी बंद केली. पुढल्या आखाजीला मुराळी आल्याशिवाय या उंबऱ्यात पाऊल टाकणार नाही, असे तिने आवाज न चढवता सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती गेली; डबीही घेऊन गेली. मी स्टँडवर उभा होतो. वाईट वाटायला पाहिजे, हे मला समजत होते. गाडी वळली तशी मी कचेरीकडे निघालो, कारण गिऱ्हाईक बसलेले असणार.

तरी मुलीस विनंती की, पोपटाच्या डावात पहिला हात तिचा होता, ही माझी साक्ष उशिरा का होईना दाखल करून घ्यावी. पुढील आखाजीस मुलासोबत मी स्वतः तिला घ्यायला येणार आहे. बापाने मुराळी होण्याची आमच्यात चाल नाही, हे मी जाणतो. ती येणार किंवा नाही, याचे उत्तर मिळावे. तोंडी दिले तरी चालेल.