वादळापलीकडच्या बेटांचे काका

पोहता न येणाऱ्या माणसाने समुद्राची एवढी काळजी वाहिलेली अख्ख्या अमेरिकेत दुसरीकडे सापडायची नाही. वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनमधले आमच्या शेजारचे वकीलकाका मूळचे विदर्भातले. बोटीत पाय ठेवला की त्यांच्या पोटात ढवळतं, आणि तरी जगातल्या एकूण एक बेटाचा घोर यांच्याच जिवाला! वादळ आलं तर बेटांवरच्या देशांनी एकमेकांच्या मदतीला कसं जायचं, याचे कायदे ते लिहून देतात. गणपतीच्या पॉटलकची, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाची, व्यवस्था त्यांच्याकडे दिली, तर त्यांनी 'कुणाची भाजी करपल्यास शेजाऱ्याने न विचारता पातेलं घेऊन यावं' असा नियम केला. आम्ही पोट धरधरून हसलो. नेमकी माझीच उसळ करपली आणि तीन घरांतून भाज्या आल्या. मग कोण हसतंय!

शेजारच्या देशाची बोट परवानगीसाठी न थांबता बंदरात शिरू शकेल, या एका कलमापायी काकांनी कित्येक वर्षं आणि निम्मे केस घालवले. देशांना धास्ती एकच, आज मदतीला आलेले उद्या मालक होऊन बसले तर? एका चिमुकल्या बेटाच्या अधिकारी बाई तर अजिबात हटेनात. वॉशिंग्टनच्या मीटिंगनंतर काका त्यांना घरी जेवायला घेऊन आले. मी नेहमीसारखी मागच्या दाराने, न ठोठावता, कढी घेऊन शिरले. माझ्यामागून पलीकडची मावशी आली आणि काकांचा फ्रिज उघडून खुशाल दही काढून घेऊ लागली. बाई बघतच राहिल्या. त्यांनी विचारलं, यांना परवानगी कोण देतं?

"कुणीच नाही," काका म्हणाले. "काम झालं की आपापल्या घरी जातात, म्हणून विचारावं लागत नाही."

बाईंनी तेच ड्राफ्टमध्ये लिहून मागितलं. काम संपलं की बोट परत. कलम मंजूर झालं.

पुढच्याच मोसमात बाईंच्या बेटावर वादळ आलं. त्यांचा फोन आला तेव्हा मी काकांकडेच होते. शेजारच्या देशाची बोट थेट बंदरात आली होती, कुणी कागद मागितला नव्हता, माणसं छपरांवरून सुखरूप उतरवली होती. मला इतका आनंद झाला की मी तिथेच शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. काका मात्र अजून फोन हातातच धरून होते.

"आमच्या गावच्या पुरात होडी पलीकडच्या काठाला उभी होती, पोरी," ते म्हणाले. "दुसऱ्या जिल्ह्याची. हुकूम यायचा होता. आई छपरावरून तिला हात करत होती."

मी गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.