खिडकी लावून शिजवलेला भात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भर सभेत माईक हिसकावून बोलणारी मी — हे मात्र गिळून बसले. भाताबरोबर.

बाबांच्या युनियनची पत्रकं वाचत मी अक्षरं शिकले. खरं असेल ते छापायचं, छापलं की वाटायचं — आमच्या घरचा एक धर्म हा. दुसरा ज्यू. आम्ही बेने इस्राएल, मूळचे कोकणातले, आता मुंबईत, दिंडोशीचे. पेसाहच्या सणात आठवडाभर आंबवलेलं काही चालत नाही. पाव, बिस्किटं घराबाहेर. पण भात? तो आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आला. सणाआधी आत्या चष्मा लावून तांदूळ पुन्हा पुन्हा निवडायची — गव्हाचा एखादा दाणा राहिला आणि भिजून आंबला तर?

कॉलेजात असताना मी इंटरनेटवर वाचलं — पेसाहला तांदूळ निषिद्ध! झालं. पत्रक काढलं, ‘परंपरेच्या नावाखाली चूक किती दिवस?’ आणि सिनेगॉगच्या दारात वाटलं. आत्याने निवडलेले तांदूळ डब्यात परत ओतले.

सण सुरू झाल्यावर मी तेच पान शेवटपर्यंत वाचलं. ती बंदी युरोपातल्या ज्यूंची रीत होती. आमची नव्हतीच. मग सांगितलं का? पत्रक वाटून झालं होतं ना!

बटाटे खाऊन खाऊन माझं तोंड उतरलं. ते आत्याने पाहिलं. एका दुपारी तिने स्वयंपाकघराची खिडकी लावली — खालच्या मजल्यावरच्या आमच्याच नातेवाइकांना वास जायला नको — आणि भात टाकला. वर नारळाच्या दुधातली मच्छी.

“खा गं, पत्रकवाले. देवाने विचारलं तर सांगेन, मीच भरवलं. पाप माझ्या नावावर.”

“आणि तू?”

“मी पण खाते. पाप करायचंच, तर उपाशीपोटी कशाला?”

पाप कुठलं? एका वाक्यात तिला मोकळं करता आलं असतं. पण तोंडात घास होता — आणि काय भात होता तो! वाफाळता, मऊ, रश्शात भिजलेला. शाळा बुडवलेल्या पोरींसारख्या आम्ही दोघी खिदळत होतो.

तेव्हापासून दर पेसाहला ती खिडकी लावते. जेवायला बसण्याआधी वर बघून कान पकडते — स्वतःसाठी एकदा, माझ्यासाठी एकदा. यंदाही पकडले. मी पाहिलं, आणि ताट पुढे केलं.