उत्कृष्ट मेंटी कोणाला म्हणायचं?

लॅबमध्ये रक्ताचा नमुना टिकवायचा तर फ्रीज लागतो, लेबल लागतं, तारीख लागते. किस्से मात्र बिनाफ्रीजचे टिकतात. उलट जितके जुने तितके मुरतात! चंद्रपुरात माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे, म्हणून हे उदाहरण सुचलं. पण आज सांगायचे किस्से लॅबमधले नाहीत, माझ्या जुन्या कॉलेजातले आहेत.

काही वर्षांपूर्वी कॉलेजनं आम्हा माजी विद्यार्थ्यांना परत बोलावून कामाला लावलं. योजना अशी की प्रत्येक माजी विद्यार्थ्यानं आत्ता शिकणाऱ्या एकदोन पोरापोरींना वर्षभर धरून चालायचं. महिन्यातून एकदा लायब्ररीत भेटायचं, मधूनमधून फोनवर बोलायचं. आम्ही मेंटॉर आणि ते मेंटी. आमच्यातले मोरेश्वरभाऊ भद्रावतीचे, फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यांच्या बायकोला हा शब्द काही पचला नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, तुमच्या मेंढीचा फोन आला!"

वर्षाच्या शेवटी एक 'उत्कृष्ट मेंटी' निवडायची असते. ही योजना बघणारे धोटेसर आम्हाला विचारतात, "निकष काय लावायचे?" आम्ही निकष सांगायला बसतो आणि दोन तास किस्से सांगून उठतो.

\* \* \*

मोरेश्वरभाऊंची पहिली मेंटी सोनल, गोंडपिपरीकडची. भाऊंनी पहिल्या भेटीसाठी आठ पानं लिहून आणली होती. शिस्त, वेळेचं नियोजन, वाचन, आरोग्य, सगळं त्यात. त्यांनी ती आठही पानं वाचून दाखवली. सोनल समोर ताठ बसून ऐकत होती. मध्ये चहा आला, तो निवून गेला.

शेवटी भाऊंनी चष्मा काढला. "काही शंका?"

"एक आहे, सर."

"विचार ना, बिनधास्त विचार!"

"तुमी मले काहीच नाई विचारणार का?"

भाऊ मला नंतर म्हणाले, "कल्पनाबाई, तीस वर्षं नोकरी केली, पण असा मेमो कोणी नाई देल्ला मले." तेव्हापासून ते कागद आणत नाहीत. रिकाम्या हातानं येतात आणि आधी विचारतात, "बोल, या महिन्यात काय झालं?"

\* \* \*

पुढे सोनलला बायोडाटा करायचा होता. ती म्हणाली, "सर, तुमचा दाखवा ना, नमुना म्हणून." भाऊंनी जुनी फाइल शोधून आणली. तिनं वरपासून खालपर्यंत नीट वाचलं आणि 'छंद' या शब्दाशी थांबली. तिथं लिहिलं होतं, 'वाचन'.

"सर, सध्या काय वाचून राह्यले तुमी?"

भाऊ खोटं बोलणारे नव्हेत. त्यांनी फाइल हळूच आपल्याकडे ओढली. सोनललाच वाईट वाटलं. म्हणाली, "राहू द्या सर, सगळेच लिवतात."

दुसऱ्या दिवशी भाऊ गावातल्या वाचनालयाचे सभासद झाले. आधी शिकारीच्या गोष्टी, मग प्रवासवर्णनं, मग आत्मचरित्रं. आता तर ते सोनललाच पुस्तकं सुचवतात. कोणी विचारलं की सांगतात, "त्या पोरीनं आपला बायोडाटा चार दिवसांत केला. मले माहा खरा करायले सहा महिने लागले!"

\* \* \*

संघमित्रा रामटेके माझी वर्गमैत्रीण. आता चंद्रपूरच्या कोर्टात वकिली करते. तिला मिळालेला मुलगा प्रशिक, गडचिरोलीच्या पुढच्या एका जंगलातल्या गावचा. अतिशय नम्र. इतका की तिला त्याचा वैताग यायचा. काहीही सांगितलं की "हो मॅडम." इंग्रजी पेपर वाच. हो मॅडम. रोज पाच गणितं सोडव. हो मॅडम.

"पटलं म्हणून हो म्हणतो का भीतीनं म्हणतो, तेच कळत नाई," ती मला म्हणायची. "नाही म्हणणारा एखादा साक्षीदार परवडला!"

दिवाळीच्या सुट्टीत तो गावी गेला. फोन लागेना. चार दिवसांनी लागला तेव्हा ही चिडलेलीच होती. म्हणाली, "आता असं कर, झाडावर बसून अभ्यास कर!"

"हो मॅडम."

दुसऱ्या दिवशी तिच्या मोबाइलवर फोटो आला. चिंचेचं मोठं झाड, दोन फांद्यांच्या बेचक्यात प्रशिक, मांडीवर पुस्तक. पोरगा पडला, हातपाय मोडले तर? तिनं लगेच फोन केला, "अरे उतर खाली! गंमत केली मी!"

तिकडून प्रशिक अगदी भारावून बोलला, "मॅडम, पण तुमाले कसं माईत का आमच्या गावात झाडावरच नेटवर्क येते?"

\* \* \*

संघमित्राचाच दुसरा मेंटी अनिकेत, बल्लारपूरचा. दहावीपर्यंत इंग्रजीत कसाबसा पास होत आलेला. कॉलेजमध्ये नोकरीच्या मुलाखतीची रंगीत तालीम ठेवली होती. टेबलाच्या अलीकडे आम्ही तिघं, पलीकडे तो, मोठ्या भावाचा शर्ट घालून. संघमित्रा इंग्रजीत सुरू झाली. कोर्टातली सवय, एकदम धारदार.

"व्हॉट इज युवर वीकनेस?"

अनिकेतनं शर्टाची लांब बाही वर सारली. मग म्हणाला, "माय वीकनेस इज इंग्लिश."

"अँड युवर स्ट्रेंग्थ?"

"मॅडम, आय टोल्ड यू इन इंग्लिश!"

\* \* \*

याच अनिकेतचा पुढचा किस्सा हसायचा नाही, पण तो सोडून पुढे जाता येत नाही.

त्यानं एका सरकारी परीक्षेसाठी वर्षभर मान मोडून अभ्यास केला होता. घरच्यांनी त्याला बाकी कशालाच हात लावू दिला नव्हता. बाप गिरणीतून पाळी संपवून आला की टीव्हीचा आवाजसुद्धा बंद ठेवायचा, पोरगा अभ्यास करतो म्हणून. निकाल लागला. त्याचं नाव यादीत नव्हतं.

दुपारी संघमित्रा कोर्टाच्या व्हरांड्यात आपल्या केसचा पुकारा व्हायची वाट बघत होती. तेवढ्यात त्याचा फोन आला.

"मॅडम, नाई झालं. सगळ्यात आधी तुमाले सांगून राह्यलो. घरी नाई सांगतलं अजून."

"मी बोलू का बाबांशी?"

"नाई. मीच सांगतो. तुमी फक्त फोन चालू ठेवा. बोलू नका काही. चालू राहू द्या बस."

त्यानं तसाच चालू फोन खिशात टाकला आणि घरात शिरला. संघमित्रा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आधी चपला काढल्याचा आवाज आला. मग पाण्याच्या भांड्याचा. मग अनिकेत म्हणाला, "बाबा, माहं नाव नाई आलं यादीत."

खाट करकरली. मग बापाचा आवाज आला.

"जेवला का सकाळपासून?"

तिच्या केसचा पुकारा झाला तेव्हा ती डोळे पुसत आत गेली. समोरच्या वकिलाला वाटलं, बाईंची बाजू फारच कच्ची दिसते!

\* \* \*

आता माझ्या मेंटींबद्दल. पहिली वैशाली, धानाच्या पट्ट्यातली, हुशार, हात स्थिर. मी तिला बघताक्षणी ठरवलं की हिला लॅब टेक्निशियन करायचं. महिनाभर माझ्या लॅबमध्ये बसवलं, नागपूरचं कॉलेज शोधलं, फॉर्म आणून दिला, माझ्या ओळखीच्या बाईंकडे राहायची सोयसुद्धा बोलून ठेवली. ती सगळं "हो" म्हणत ऐकत होती.

फॉर्मची शेवटची तारीख गेली आणि मला कळलं, तिनं फॉर्म भरलाच नाही. खूप राग आला. आजवरचा अनुभव असा की ज्यांनी आपलं ऐकलेलं नसतं ते फोन उचलणं बंद करतात, रस्त्यात दिसले तर गल्ली बदलतात. मीही मनातून तिचं नाव खोडलं.

चौथ्या दिवशी ती लॅबच्या दारात उभी! हातात फॉर्म, कोराच.

"मॅडम, मी तुमचं नाई ऐकलं. पण काऊन नाई ऐकलं ते सांगायले आली."

"सांग," मी जरा तुसडेपणानंच म्हणाले.

"तुमच्या इथी महिनाभर येऊन बसली ना मी, तर पाहून राह्यली होती. लोकं रिपोर्ट घेतात अन् तिथीच उभे राह्यतात. कागद उलटा करतात, सुलटा करतात. त्याइले काही समजत नाई, अन् विचारायचं कोणाले तेही समजत नाई. मले रक्त नाई तपासायचं, मॅडम. ज्याचं रक्त घेतलं त्याच्याशी बोलायचं हाये."

मी दहा वर्षं त्याच काउंटरमागे बसले होते. मला ते कागद उलटसुलट करणारे लोक कधी दिसलेच नव्हते.

वैशाली आज एका सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. सिकलसेलच्या पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना शेजारी बसवून हा रक्तातला, आईबापाकडून येणारा आजार समजावून सांगते. आणि माझ्या काउंटरशेजारी तेव्हापासून एक खुर्ची वाढली आहे. रिपोर्ट हातात आला की तिथं बसायचं आणि मला विचारायचं. एक आजोबा तिथं बसून रिपोर्ट समजून घेऊन झाल्यावर म्हणाले, "बाई, आता जमिनीचा सातबारा पण समजावून द्या!"

\* \* \*

आणि ही सुमन.

सुमन एटापल्लीच्या पलीकडच्या एका खेड्यातली, माडिया आदिवासी घरातली. आश्रमशाळेत शिकून आमच्या कॉलेजात आलेली आणि चंद्रपुरात होस्टेलवर राहणारी. बोलायची इतकं हळू की लायब्ररीतला पंखा बंद करावा लागायचा. दर भेटीत ती फक्त एक प्रश्न विचारायची, माझं उत्तर वहीत लिहून घ्यायची आणि जायची.

पहिल्या महिन्यात तिनं विचारलं, "मॅडम, चष्मा असला तर पोलीस होता येते का?" तिला तर चष्मा नव्हता. तरी मी चौकशी करून नियम सांगितले.

दुसऱ्या महिन्यात, "बाईले रेल्वे चालवता येते का?" मी म्हटलं, हो, येते. कोणती परीक्षा, काय शिक्षण, तेही सांगितलं.

तिसऱ्या महिन्यात, "वकील व्हायले किती वर्षं लागतात?" तिला संघमित्राशी बोलायला लावलं.

मग नर्स. मग विमानात काम करणाऱ्या बाया. मग, "गाईढोराइचे डॉक्टर वेगळे शिकतात का?"

मोरेश्वरभाऊ म्हणाले, "पोरगी कन्फ्यूज हाये, दुसरं काही नाई." मलाही तसंच वाटायला लागलं. वर्ष संपत आलं, कॉलेजचा प्रगतीचा फॉर्म भरायचा होता. मी लिहिलं, 'ध्येय निश्चित नाही.'

त्याच आठवड्यात ती आली. लॅबमध्ये गर्दी होती, मशीन बिघडलेलं होतं, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ती नेहमीसारखी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, चारचौघात बोलायले जिले भेव लागते, तिले शिक्षिका होता येते का?"

आणि मी फाडकन बोलले, "सुमन, तू आधी ठरव ना तुला काय व्हायचं ते! दर महिन्याला नवीन! असे प्रश्न विचारत बसलीस तर काहीच होणार नाही तुझं."

तिनं वही मिटली. "हो मॅडम," म्हणाली आणि गेली. त्या दिवशी तिनं काही लिहून घेतलं नाही.

उन्हाळ्यात, शाळा अजून सुरू असताना, तिच्याच गावाकडच्या आश्रमशाळेत सिकलसेलच्या तपासणीचं शिबिर होतं. मी माझ्या माणसांना घेऊन सकाळीच पोचले. सुमन सुट्टीला घरी आलेली. गावातल्या बायांना मराठी फारसं कळत नव्हतं, म्हणून शिबिरवाल्यांनी तिच्या हातात माईक दिला होता. ती शाळेच्या पायरीवर उभी राहून सगळ्यांना माडिया भाषेत समजावत होती, रक्त किती घेणार, काऊन घेणार, घाबरायचं नाही. समोर शेदीडशे माणसं. आवाज पार फाटकाबाहेरच्या मोहाच्या झाडापर्यंत येत होता. मी गाडीजवळच थांबून ऐकत राहिले.

तेवढ्यात वसतिगृहातल्या पोरींचा घोळका माझ्याभोवती जमला. जाड भिंगाचा चष्मा लावलेली एक पुढे आली.

"तुमीच चंद्रपूरच्या मॅडम का? चष्म्यावर पण पोलीस होता येते ना? सुमनताईनं वहीतून वाचून दाखवलं."

मी काही बोलायच्या आत दुसरी, "मी रेल्वे चालवणार हाये!"

तिसरीला वकील व्हायचं होतं. मागून एक ओरडली, "गाईढोराइची डॉक्टर, मी!" एकेक पोर पुढे येत होती आणि प्रत्येकीच्या तोंडून मला माझंच उत्तर ऐकू येत होतं, महिन्यामागून महिना. नर्स आली. विमानातली आली.

दुपारी जेवणाची सुट्टी संपत आली होती. सुमन माईक बाजूला ठेवून माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मी तिला जवळ बसवलं.

"सुमन, सगळ्याजणी भेटल्या गं मला. एकच राहिली. ती, चारचौघात बोलायला भीती वाटते ती. ती कुठली? तिला बोलाव ना, तिला मी उत्तरच दिलं नव्हतं."

सुमननं रिकामा ग्लास माझ्या हातातून घेतला.

"तो प्रश्न माहा होता, मॅडम," ती म्हणाली, आणि पुढचं नाव पुकारायला उठली.