पडद्याशेजारचे गृहस्थ

"तिकडे असं नसतं हो!" असं म्हणून ते डावी भुवई वर चढवायचे. उजवी जागच्या जागी ठेवून डावी तेवढीच वर न्यायची ही विद्या त्यांनी एका अमेरिकन नटाकडून उचलली होती आणि, त्यांच्या बायकोच्या शब्दांत, "अख्खा अधिक महिना आरशापुढे घालवून" पक्की केली होती.

'तिकडे' म्हणजे अमेरिकेत. गृहस्थ रत्नागिरीच्या कचेरीत नकलनवीस होते आणि मी त्यांच्या शेजारच्या मेजावर उमेदवारी करत होतो. एका आंब्याच्या कलमावरून भावाभावांत लागलेले दावे आम्ही दिवसभर उतरवून काढायचो. एखादा भाऊ दुसऱ्याच्या अंगावर कोयती घेऊन धावला, असा मजकूर आला की हे टाक खाली ठेवायचे. "तिकडे असं नसतं हो. तिकडे आधी समोरच्याच्या हातात पिस्तूल देतात, आणि मग म्हणतात, चल, ये पुढे." जणू तिकडची भाऊबंदकी फारच सोज्वळ!

ही अमेरिका त्यांनी पाहिली होती ती मुंबईत. तरुणपणी दोन-अडीच वर्षं ते तिथे होते. आपल्याकडची माणसं मुंबईला जाऊन गिरणीत लागतात, गोदीत लागतात. हे थेटरात लागले. नोकरीला नव्हे, नादाला. आगबोटीनं परत उतरले तेव्हा वळकटीत इंग्रजी मासिकांतून कापलेली नटनट्यांची चित्रं होती. घरच्यांसाठी काही आणायचं राहून गेलं होतं.

कचेरीत आमचं तिघांचं मंडळ होतं. ते, शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर आणि मी. दुपारच्या सुट्टीत विहिरीच्या कठड्यावर बसून आम्ही विलायती नट्यांची अशी चर्चा करायचो, की ऐकणाऱ्याला वाटावं या बायका आमच्या नात्यातल्याच आहेत. एका कुरळ्या केसांच्या नटीला तर ते 'आमच्या बाई' म्हणायचे. बाई पडद्यावर कशा रडल्या ते सांगताना हे उपरण्यानं डोळे पुसायचे.

एकदा कंपाउंडर म्हणाला, "अहो, ती आसवं ग्लिसरिनची असतात. आमच्या दवाखान्यात बाटली भरून आहेत."

हे एवढे संतापले की भुवई चढवायचीसुद्धा विसरले. "उद्या आण ती बाटली. माझ्या डोळ्यांत घाल."

कंपाउंडरनं खरंच आणली, आणि यांनी खरंच घालून घेतलं. डोळे लालभडक झाले, पाणी काही खळेना. शिरस्तेदारांनी ते पाहिलं, खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कोण गेलं हो?" हे म्हणाले, "कोणी नाही." दुःखानं माणसाला बोलवतही नाही असं समजून शिरस्तेदारांनी त्यांना घरी धाडलं. संध्याकाळी चार शेजारी भेटायला आले. त्यांना दारात थांबवून बायको आत आली आणि म्हणाली, "बाहेर माणसं आलीत. कोण गेलं म्हणून सांगू? अमेरिकेची मावशी?"

दुसऱ्या दिवशी कठड्यावर त्यांनी निकाल दिला. "पाहिलंत ना, ग्लिसरिननं माणूस किती कुरूप रडतो? बाई रडतात तेव्हा सुंदर दिसतात. त्याअर्थी त्या खऱ्या रडतात."

पुढे पावसाळा सरला, बंदर खुलं झालं आणि घाटावरचा एक तंबूवाला सिनेमाचं यंत्र घेऊन गावात उतरला. चित्रं मुकी होती. मध्येमध्ये पडद्यावर इंग्रजी पाट्या यायच्या आणि लोक एकमेकांकडे बघत बसायचे. इंग्रजी जाणणारा माणूस हवा म्हणून तंबूवाला कचेरीत आला. त्यानं तोंड उघडायच्या आत हे उभे राहिले होते.

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला गृहस्थ कोट, काळी टोपी आणि हातात वेताची छडी घेऊन पडद्याशेजारी उभे राहू लागले. पाटीवर तीन शब्द असले तर हे तीन मिनिटं बोलायचे. पाटी जायची, नायक घोड्यावर बसायचा, डोंगर ओलांडायचा, तरी यांचं मागचंच चाललेलं असायचं. मला थोडं इंग्रजी येत होतं, त्यामुळे माझी करमणूक दुप्पट व्हायची.

खरी पंचाईत चुंबनाशी होती. पहिल्यांदा तो प्रसंग आला तेव्हा तंबूत एकदम शांतता झाली. यांनी खाकरून सांगितलं, "ही तिकडची नमस्काराची रीत आहे."

पुढं जमिनीवर बंदरावरच्या मासे विकणाऱ्या बायका बसायच्या. त्यातली एक म्हातारी ओरडली, "मंग ह्यो मानूस एकाच बायला किती येळा नमस्कार करतोय?"

तंबू हसून कोसळायचाच बाकी राहिला. हे मात्र गंभीरपणे म्हणाले, "तो फार नम्र आहे."

एका चित्रात 'आमच्या बाई' शेवटी क्षयानं मरतात. पाटीवर तसं सरळ लिहिलं होतं. यांनी ती वाचली आणि मोठ्यांदा सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, आता ताप उतरला. पोरगी वाचेल." मासेवाल्या बायकांनी कानशिलांवर बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी मी कंपाउंडरसमोर त्यांना धरलं. "अहो, पाटीवर तर ती मेली होती!"

"पाटी इंग्रजीत होती," ते म्हणाले. "बघणारे मराठीत होते."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. हे वाक्य आम्ही महिनाभर गावात सांगत हिंडलो.

अशी काही वर्षं गेली. मग बोलपट आला. इंग्रजी चित्र, आणि माणसं स्वतः बोलणार! गावात यांचा भाव एकदम वाढला, कारण आता यांना तिकडचं सगळं थेट कानांनी कळणार होतं. निदान त्यांनी तसं सांगितलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी बायकोलाही आणलं. ती आयुष्यात पहिल्यांदा तंबूत आली होती. पहिल्या रांगेच्या खुर्च्यांवर गावात नुकतेच आलेले मुन्सफ आणि त्यांची पत्नी बसली होती. मुन्सफ विलायतेला शिकून आलेले.

यंत्र सुरू झालं. पडद्यावरची माणसं बोलू लागली आणि मी यांच्याकडे पाहिलं. त्यांना एक शब्द कळत नव्हता. नकला उतरवणाऱ्या माणसाचं इंग्रजी डोळ्यांचं असतं. कानांशी त्याची ओळखच नसते. माझीही तीच गत होती, पण मी अंधारात बसलो होतो.

"सांगा की वो!" मागून आरोळी आली.

त्यांनी छडी उचलली. नायक आणि एक म्हातारा तावातावानं बोलत होते. "मुलीचा बाप म्हणतो, लग्न याच महिन्यात उरकून टाकू," यांनी सांगितलं. मुन्सफांच्या खुर्चीतून हसू आलं. "नायक म्हणतो, मुहूर्त तेवढा चांगला बघा." पुन्हा हसू. "आता मंडपाची तयारी चालली आहे," हे म्हणाले, आणि पडद्यावर घराला आग लागली. माणसं किंचाळत बाहेर धावली.

सगळा तंबू हसला. खरं सांगतो, सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. मुन्सफ इंग्रजीत काहीतरी बोलले, तेव्हा तंबूवाला धावत आला. "बसा आता खाली, साहेब. यंत्रच बोलतंय न्हवं? तुमचं काय काम?"

तेवढ्यात त्यांची बायको बायकांमधून उठून उभी राहिली. "हसताय ते? तुम्हाला कळलं का ती माणसं काय बोलली? नाही ना? मग! ह्यांचं बोलणं निदान कळत तरी होतं."

यांनी छडी पडद्याला टेकवून ठेवली आणि दोघं बाहेर गेली.

त्यानंतर ते सिनेमाला कधी गेले नाहीत. कचेरीत वेळेवर यायचे, टाक उचलायचे. कोयतीचा मजकूर आला तरी मान वर करायचे नाहीत. मी एकदा 'आमच्या बाईं'चा विषय काढून पाहिला. ते म्हणाले, "शाई संपत आली आहे, जरा दौत सरकव." कंपाउंडर आणि मी कठड्यावर बसायचो खरे, पण दोघांत बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. आमच्या भक्तीला एक वेडा लागत होता.

ते पेन्शनीत निघाल्यावर वर्षभरानं मी दुपारचा त्यांच्याकडे गेलो. अंगणात सात-आठ मासेवाल्या टोपल्या उपड्या ठेवून बसल्या होत्या. हे पडवीत, उघड्या अंगानं, पंच्यावर. आदल्या दिवशी बघितलेला बोलपट बायका त्यांना सांगत होत्या. गोरी बाय जिन्यावरून उतरली, टोपीवाल्यानं पत्र फाडलं, मग ती रडली. हे डोळे मिटून ऐकत होते. "पत्र कुठल्या हातानं फाडलं?" त्यांनी विचारलं. "डाव्या," म्हातारी म्हणाली. "मग ते त्याच्या बापाचं पत्र," हे म्हणाले, आणि न पाहिलेल्या चित्राची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागले. बायका माना डोलावत होत्या. मी पायरीवर बसलो. त्या दिवशी मला काही हसू आलं नाही.

दोन वर्षांनी ते गेले. महिना झाल्यावर मी समाचाराला म्हणून गेलो, तर अंगणात बायका तशाच बसलेल्या. सवयीनं आल्या होत्या आणि आता काय करावं ते कळत नव्हतं. वहिनी आतून आल्या, पडवीच्या कडेला टेकल्या. थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या. "कोण कोण होतं चित्रात?"