कुणाकडेही जाणारं बाळ

द्वारका तेजस्विनीवर जळायची आणि ते लपवायचीही नाही. सदाशिव पेठेतल्या डॉक्टर हेमांच्या दवाखान्यात ती नर्स. चाळिशीला टेकलेली, माहेर यवतमाळकडचं, नवरा पोपट चाकणला कारखान्यात, आणि पोटी मूल नाही. दिवसभर दुसऱ्यांची पोरं तोलायची, टोचायची आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी जायचं. त्यात ही तेजस्विनी! हिंजवडीत कॉम्प्युटरवाली नोकरी, दारात गाडी, कानाला सतत मोबाइल, आणि वर देवाने पदरात गोरागोमटा ऋषीही टाकलेला.

"देवाने हिच्याच पदरात बरं टाकलं!" द्वारका पोपटला म्हणायची.

"जेव आता," पोपट म्हणायचा.

ऋषीला वर्ष पुरं व्हायला आलं होतं. आई दवाखान्यातही फोनवर, त्यामुळे त्याला द्वारकाच घ्यायची. हात पुढे केले की तो यायचा आणि खांद्यावर मान टाकायचा. बाकावरच्या बायका म्हणायच्या, "किती गुणी बाळ! रडत नाही, कुणाकडेही जातं!" आपल्याकडे बाळाला याहून मोठं सर्टिफिकेट नाही. तेजस्विनीने हात पसरले तरी तो वळून बघायचा नाही. द्वारकेला तेव्हा इतकं बरं वाटायचं, की खरं तर लाजच वाटायला हवी होती. वाटली नाही. त्याचे ते शोरूमचे कपडे उतरवताना मात्र तिच्या अंगाची आग व्हायची, म्हणून ती त्याचं वजन कपड्यांसकटच करायची.

एकदा तिला राहवलं नाही. तेजस्विनी बाहेर फोनवर होती तेव्हा ऋषीला घेऊन ती थेट डॉक्टरांसमोर उभी राहिली. "बघा डॉक्टर, आईकडे जातच नाही. मीच लागते याला!"

डॉक्टर हेमांनी मान वर केली. "फक्त तूच?" मग त्यांनी कंपाउंडरला हाक मारली. "सीताराम, घे रे याला जरा."

सीताराम म्हणजे झुपकेदार मिशा आणि तंबाखूचा वास. त्याला बघून अख्ख्या पेठेतली पोरं भोकाड पसरायची. ऋषी त्याच्याकडेही निमूट गेला. तश्शीच मान टाकली.

"आँ? माझी सख्खी नात येत नाही हो माझ्याकडे!" सीताराम चाट पडला.

द्वारकेला आधी सीतारामचाच राग आला. मग तिने ऋषीला परत घेतलं, तर तो तिच्याकडेही तसाच निमूट आला.

"या वयाचं मूल परक्याला बघून आईला चिकटतं," डॉक्टर म्हणाल्या. "हा कुणालाच चिकटत नाही. सुईलाही रडत नाही ना? रडून कुणी येत नाही, हे कळलंय त्याला. कपडे काढ."

कपड्यांखाली ओल्या लंगोटाने पडलेली चट्ट्यांची रांग होती, काही चट्टे चिघळलेले. सतत पाठीवर पडून डोक्यामागचे केस झिजलेले. कपड्यांशिवाय केलेलं वजन तर वयाच्या मानाने इतकं कमी, की बघवत नव्हतं.

"मी म्हणतच होते, ही बाई आई नाहीच!" द्वारका उसळली.

"तुला ती आवडत नाही, हे सबंध पेठेला ठाऊक आहे. तू आरडाओरडा कर, म्हणजे उद्या ती दुसरा डॉक्टर गाठेल आणि हा आपल्याला परत दिसायचा नाही. गप्प राहणार असलीस तर थांब."

तेजस्विनीला आत बोलावलं. डॉक्टर रागावल्या नाहीत, नुसतं विचारत गेल्या. दिवसभर कोण असतं? सांभाळणाऱ्या गोदाबाई. भरवतं कोण? त्याच. रात्री रडतो?

"छे, तो रडतच नाही," तेजस्विनी कौतुकाने म्हणाली. मग तिने चट्टे पाहिले आणि स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली. "मी येते तेव्हा तो झोपलेला असतो, डॉक्टर. गोदाबाई म्हणतात, पाळण्यात पडून राहतो, काही त्रास नाही."

"दर आठवड्याला दाखवायला आणायचं. उद्या मी घरी येते, तुमच्या मिस्टरांशीही बोलते. फरक पडला नाही तर मला बालकल्याण समितीला कळवावं लागेल. धमकी नाही ही. तुम्हाला अंधारात ठेवायचं नाही, इतकंच."

तेजस्विनीने डोळे पुसले आणि एकदम द्वारकेकडे वळली. "सिस्टर, तुम्हीच सांभाळा ना त्याला! तुमच्याकडे किती छान राहतो. इथली नोकरी सोडा, म्हणाल तेवढा पगार देते."

अगंबाई! हे ऐकायला तर ती जन्मभर थांबली होती. दिवसभर ऋषी कडेवर, घास तिच्या हातचा, पहिला शब्दही तिलाच ऐकायला मिळणार. 'हो' अगदी ओठांवर आला.

"नको," ती म्हणाली. "मी आले की तुम्ही आणखी उशिरा याल. आणि मला तो सोडवणार नाही. रजा टाका मॅडम. पोटाशी धरून बसा त्याला."

बोलली ती तुटकच. तेजस्विनीने मात्र खरंच रजा टाकली, गोदाबाई गेल्या. दर आठवड्याला द्वारका त्याचे कपडे उतरवून वजन करू लागली. चट्टे बुजले, गाल भरले.

मग एक दिवस तिने नेहमीसारखे हात पुढे केले. ऋषीने तिचं तोंड न्याहाळलं, ओठ काढला आणि असा काही टाहो फोडला, की बाहेरचे लोक डोकावून बघायला लागले. दोन्ही मुठींनी त्याने आईची ओढणी आवळून धरली होती.

"कोण रडतंय?" आतून डॉक्टरांनी विचारलं.

"ऋषी," द्वारका म्हणाली. जळली ती. इतकी तर आयुष्यात कधी जळली नव्हती. पाठ फिरवून तिने सुई भरली, बाहीला डोळे पुसले.

"तुम्हीच धरा, मॅडम," ती म्हणाली. "घट्ट धरा."