वहिनीचं व्हीपीएन आणि आबांची जीप

आमची रेणुकावहिनी घराला कडी लावून निघते, पिंपळापर्यंत जाते आणि कडी लागली का बघायला परत येते. मग गॅस बंद आहे का बघायला आणखी एकदा. लग्नानंतर पहिलं वर्षभर सुरजदादा यावर चिडायचा. नंतर त्याने गाडी पिंपळाखाली उभी करून तिथेच पेपर वाचायची सवय लावून घेतली. तिच्या बेगडेवाडीच्या माहेरची माणसं सांगतात, पोरगी लहानपणापासून अशीच. परीक्षेत बाईंच्या हातात दिलेला पेपर परत मागून घ्यायची, वर नाव घातलंय का बघायला.

अशा बाईला एके दिवशी कंपनीचा मेल आला, की तुमचं व्हीपीएन आता तुम्हीच निवडा.

वहिनी आमच्या गावी, लोणावळ्याजवळच्या औंढ्यात, घरी बसून परदेशातल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकते आणि टाईप करते. कुणाचा गुडघा, कुणाचं पित्ताशय. एका अख्ख्या परदेशी शहराची दुखणी तिला ठाऊक आहेत, पण घरात त्यातलं अक्षर बोलत नाही. माझे वडील, म्हणजे बाजीराव आबा, रोज जेवताना विचारतात, "आज काय झालंय गं त्यास्नी?"

"सांगता येत नाही, आबा."

"त्या गोऱ्याची मूळव्याध म्या पारावर सांगितली तर त्याला कळनार हाय व्हय?"

"त्याला नाही कळणार. मला कळेल ना."

यापूर्वी ती लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर होती. शनिवार-रविवार म्हणजे पाहुण्यांचा पूर, आणि त्याच दिवशी सुट्टी मागायची नाही. एका शनिवारी समीक्षाला, म्हणजे माझ्या पुतणीला, सणकून ताप भरला. वहिनी निघाली खरी, पण सगळा रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी तुंबलेला. शेवटी रिक्षातून उतरून चालत आली. घरी पोचली तेव्हा पोर रडून रडून झोपून गेली होती. त्या दिवसानंतर तिने घरून करायचं काम शोधलं. त्यामुळे ही नोकरी म्हणजे नुसती नोकरी नव्हती. ती गेली तर परत तेच काउंटर, तोच रस्ता.

मेलमध्ये लिहिलं होतं, की आजवर कंपनी पुरवत होती ते व्हीपीएन बंद होतंय. पुढल्या सोमवारी सकाळी प्रत्येकाच्या जोडणीची तपासणी होईल. नापास झालात तर काम थांबेल.

"पन ते हाय काय?" आबांनी विचारलं.

वहिनीने सांगितलं, "आपल्या घरापासून कंपनीपर्यंत एक बंद नळी समजा. आत काय वाहतंय ते वाटेतल्या कुणाला दिसत नाही. नळी फुटली तर पाणी लगेच थांबायला हवं, उघड्यावर वाहून चालणार नाही. नळीचा पत्ता कायम एकच हवा. आणि नळीवाल्याने कोण काय नेतं याची नोंद ठेवायची नाही."

"मंग घे की येक."

तेच तर अवघड होतं. दुनियेत नळीवाले शेकड्याने, आणि प्रत्येकजण सांगतो की मीच सगळ्यात वेगवान, मीच सगळ्यात पक्का.

मी म्हटलं, "वहिनी, फुकटचं आहे की. माझ्या फोनमध्ये आहे."

"फुकट देणारा खातो काय, भाऊजी?" असं म्हणून तिने माझ्याच फोनमधल्या ॲपच्या अटी वाचायला घेतल्या. अटी शेवटपर्यंत वाचणारं मावळातलं हे पहिलंच माणूस असावं. बऱ्याच वेळाने तिने फोन माझ्याकडे सरकवला. "तुम्ही काय बघता, ते हे जाहिरातवाल्यांना विकतात. तुम्ही स्वतःच संमती दिलीय." मी ते ॲप काढून टाकलं. ती बघत होती म्हणून नव्हे, असं मी अजून सांगतो.

मग तिने तुलना करणाऱ्या वेबसाइट धरल्या. 'यंदाची सर्वोत्तम दहा', 'तज्ज्ञांची निवड' वगैरे. दोन दिवस ती तेच वाचत होती. भाकरी करपली तरी वाचत होती. गंमत अशी, की वेबसाइट कुठलीही असो, पहिला नंबर ठरावीक दोघा-तिघांतच फिरायचा. शेवटी पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत तिला सापडलं : आमच्याकडून तिथे जाऊन खरेदी केलीत, तर आम्हाला मोबदला मिळतो.

आबा गोठ्याकडे निघाले होते, ते थांबले. आबा पूर्वी शर्यतीचे बैल पाळायचे, आणि बैल म्हटला की त्यांना जगातलं सगळं कळतं.

"मंग ह्यो दलालच की. चाकनच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करायचा. घेनाऱ्याची बोटं येगळी, इकनाऱ्याची येगळी, मधलं त्याचं. त्याला इचारलंस तर प्रत्येक बैल वाऱ्यावानी पळतो."

"मग विचारायचं कुणाला?"

"ज्यानं बैल परत केला त्याला गाठायचं. त्यो खोड सांगतो."

वहिनीला हे एकदम पटलं. तिने स्तुती वाचायची सोडून तक्रारी वाचायला सुरुवात केली. कोण सोडून गेलं आणि का गेलं. एक नामांकित सेवा सोडणारे म्हणत होते, पैसे परत मागितले की उत्तर देत नाहीत. दुसरीत कायमचा पत्ता मिळतच नव्हता. नोंदी ठेवत नाही असं तर सगळेच म्हणत होते, पण बाहेरच्या तपासनिसाला आत घेऊन तसं सिद्ध करून दाखवणारे थोडे निघाले. अशा तीन सेवा गाळणीत उरल्या. तिन्हींना परत करायची मुदत होती.

"आता बैल पळवून बघू," आबा म्हणाले. "पन ताजा नगं. दमलेला बघायचा."

औंढ्यात नेटचा दम शनिवारी दुपारी निघतो. आजूबाजूचे सगळे बंगले भरलेले असतात आणि जो तो धबधब्याचे व्हिडिओ वर चढवत असतो. त्या दुपारी आमच्या घरात शर्यत लागली. मी राउटरची तार उपटायची, वहिनीने पडद्याकडे बघायचं, आणि समीक्षाने "गेलं" म्हणून सांगायचं.

पहिल्या सेवेला मी तार उपटली आणि परत लावली. समीक्षा म्हणाली, "आलं." वहिनीने मला हाताने जवळ बोलावलं. मी जवळ जाऊन बघितलं. नळी जोडलीच गेली नव्हती, नेट मात्र आपलं उघड्या रस्त्याने चालू झालं होतं. आणि ॲपमधला हिरवा दिवा शांतपणे तसाच जळत होता.

"भाऊजी, हे सोमवारी झालं असतं तर? मला तर कळलंही नसतं."

"सोमवारी नाही झालं ना."

"दिवा हिरवा होता हो." ती दिवसभर मधूनच तेच म्हणत राहिली.

दुसरी सेवा नळी फुटल्यावर नेट थांबवत होती, पण एरवी इतकी हळू, की डॉक्टर बोलताना अडखळायला लागले. तिसरी दिसायला ओबडधोबड, जोडायला वेळ घेणारी. पण तार उपटली की सगळं ठप्प, आणि नळी परत जुळेपर्यंत काही केल्या उघडेना. आम्ही पुन्हा पुन्हा उपटली.

"दिसायला काय करायचंय," आबा म्हणाले. "कासरा मानतंय न्हवं? हेच घे."

वहिनीने तेच घेतलं. पासवर्ड कागदावर लिहायचा नाही म्हणून तिने तो आबांच्या जुन्या बैलाच्या, पाखऱ्याच्या नावावर बेतला. आणि आपण विसरलो तर काय, या धास्तीने तो आबांकडून पाठ करून घेतला. आबांची स्मरणशक्ती दांडगी. त्यांना शर्यतीच्या कुठल्या घाटात कुणाचा बैल बुजला होता तेही आठवतं.

सोमवारी सकाळी ती लवकर आवरून लॅपटॉपसमोर बसली. तपासणीला थोडाच अवकाश होता. तिने जोडायचं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं : यंत्रांची मर्यादा पूर्ण झाली आहे.

एका वर्गणीत पाच यंत्रं चालतात. तिचा लॅपटॉप सोडून पाच कुठली?

"भाऊजी, तुम्ही?"

"नाही. समीक्षाची शपथ."

"माझ्या पोरीची शपथ नका घेऊ. खरं सांगा."

"खरंच नाही."

ती उठून उभी राहिली, परत बसली. कुणीतरी खातं फोडलं, असं तिच्या मनाने घेतलं. सेवेच्या मदतकेंद्राला घाईघाईने विचारलं, कोण जोडलेलं आहे? तिकडून नम्र उत्तर आलं, की आम्ही ग्राहकांच्या कसल्याही नोंदी ठेवत नाही, त्यामुळे सांगता येणार नाही. हाच गुण तर तिने तक्रारी चाळून चाळून पारखून घेतला होता.

आबा ओट्यावर दावं वळत बसले होते. तिथूनच म्हणाले, "भागूच्या सत्याला दिलाय म्या. काल."

भागुबाई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी मावशी. तिचा मुलगा सत्यम आखातात कामाला आहे. तिकडे नेहमीच्या ॲपवरून व्हिडिओ कॉल लागत नाही, अशा नळीतून मात्र लागतो. भागुबाई रविवारी आबांपाशी रडली, पोराचं तोंड बघून किती दिस झालं म्हणून. आबांना वहिनीच्या नळीचा भारी अभिमान. त्यांनी पासवर्ड सांगून टाकला. सत्यमने तो खोलीतल्या दोस्तांना सांगितला.

"आबा, तो माझ्या कामाचा पासवर्ड होता," वहिनी म्हणाली.

"पाच सीटा हायत, तूच म्हनलीस. तू येकटी बसनार. चार रिकाम्या न्ह्यायच्या?"

यात आबांचं चुकलं असं गावात कुणी म्हणणार नाही. लोणावळ्याहून गावाकडे येणारी वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही. रिकामी सीट ठेवून जाणारा माणूस आमच्याकडे एक तर आजारी असतो, नाहीतर आमदार.

"आबा, पाखऱ्याला कधी दुसऱ्याच्या गाड्याला जुंपू दिलंत?"

"त्यो येगळा."

"का वेगळा?"

आबांचे हात थांबले. "दुसऱ्याच्या हाताखाली बिगडला आसता."

"हे पण बिघडतं, आबा. माझं काम जातं यात."

आबांनी दावं खाली ठेवलं. वहिनीने तोवर पासवर्ड बदलून सगळ्यांना बाहेर काढलं. त्याच क्षणी भिंतीपलीकडून आवाज आला, "आगं बया, सत्याचं त्वांड आडाकलं."

भागुबाई फोन धरून आमच्या दारात आली, तोवर तपासणी सुरू झालेली. मी ओठावर बोट ठेवलं. ती ओट्यावर आबांशेजारी बसली आणि दोघांनीही दाराकडे कान लावले.

पडद्यावरच्या माणसाने पत्ता तपासला. नळी तोडायला सांगितली. मी तार उपटली, सगळं ठप्प झालं, परत जुळलं. तो लिहून घेत होता. मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "हे खातं फक्त तुम्हीच वापरता ना, मॅडम?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. कुठेच नोंद नव्हती. तिने निवडलेलं व्हीपीएन तेवढं पक्कं होतं. मी तिच्याकडे बघून मान हलवली, हो म्हण म्हणून. ओढणीचं टोक तिने बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

"आज सकाळपर्यंत नाही," ती म्हणाली. "शेजारच्यांकडे गेलं होतं. आत्ता पासवर्ड बदलला. आता फक्त मीच."

त्या माणसाने लिहिणं थांबवलं. "तुमच्या फाइल्स त्यांना दिसत होत्या?"

"नाही. त्या माझ्या लॅपटॉपवर असतात, त्या खात्यात नाहीत."

"कळवतो," म्हणून त्याने कॉल बंद केला.

"वहिनी, कशाला सांगितलं?" मी म्हटलं.

"नसतं सांगितलं तर रोज वाटलं असतं, आज कळेल, उद्या कळेल." ती उठली. "मला कडीचंच ओझं पुरे आहे."

बाहेर भागुबाई वाटच बघत होती. "रेणुका, बोलता बोलता तोडलंस गं. येक सीट जड झाली व्हय तुला?"

"मावशी, तिकडे या वाटेने बोलणं कायद्यात बसत नाही. मी वाचलंय. सत्यम सापडला तर त्याचीच नोकरी जाईल."

भागुबाईने पदर तोंडाला लावला. "त्यो मला म्हनला न्हाई."

"तो कशाला म्हणेल? तुम्ही रडत होता ना." वहिनी तिच्या शेजारी बसली. "तिकडे परवानगी असलेलं दुसरं ॲप आहे. आणा फोन."

स्वतःच्या नोकरीचं काय होणार ठाऊक नसताना तिने अर्धी दुपार त्या फोनमध्ये घातली. मधूनच आत जाऊन मेल बघायची, परत येऊन बसायची. शेवटी सत्यमच्या जेवणाच्या सुट्टीत त्याचा कॉल लागला. चित्र पूर्वीपेक्षा बारीक होतं. "तूच बारीक झालायस का फोन?" भागुबाईने विचारलं. तो हसला.

उन्हं कलल्यावर मेल आला. काम चालू राहील, पण महिनाभर नजर ठेवली जाईल आणि पुन्हा असं झालं तर विचारणा न करता बंद. वहिनीने तो मोठ्याने वाचला. मग मनात आणखी एकदा वाचला. आबांनी समीक्षाला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

"आबा, नवा पासवर्ड..." वहिनी चाचरत म्हणाली.

"सांगूच नगंस मला. कुनी दारात येऊन रडलं, तर मला न्हाई म्हनता येत न्हाई."

दूध आणायला म्हणून ती समीक्षाला घेऊन निघाली. पिंपळापर्यंत गेली आणि एकटीच परत आली.

"कडी लागलीया. ग्यास बंद हाय," आबा ओट्यावरून म्हणाले. "आन तुजी नळी बी बंद केलीस मगाशी, म्या बगितलं."

"दिवा हिरवा नव्हता ना?"

"न्हवता."

तरी ती आत गेलीच.