आप्पांना तिथं ठेवायचं नव्हतं

नंदा गेल्याचं मला तिच्या मुलाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून कळलं. जोडलेले हात, कडेला गुलाब, मागं कसलीशी बासरी... शी! जन्मभर आमची दारं समोरासमोर. न्हाणीत पडली म्हणून निखिलनं तिला पुण्याला नेलं, तिथल्या दवाखान्यात ती गेली, आणि मला एक फोन करायला कुणाचे हात मोडले होते? खाली त्यानं दोन रडकी तोंडं टाकलेली. मी फोन उलटा घालून ठेवला.

भावजी, म्हणजे तिचा नवरा, गेल्यावर नंदाला घर खायला उठायचं. निखिल नोकरीला जाताना गेमचं मशीन टीव्हीखाली ठेवून गेला होता. "बघू तरी, पोरगं दिवसभर यात काय करत होतं," म्हणून हिनं ते लावलं आणि अडकली की! पडद्यावरच्या तलवारवाल्या बाईला हिनं स्वतःचंच नाव दिलं. सोबत तीन जण. एक तिरंदाज पोरगी, एक जादूगार आणि औषधांची झोळी घेतलेला एक वाकलेला म्हातारा. त्याला ही आप्पा म्हणायची. आप्पा लढाईत काडीच्या कामाचे नाहीत, दोन पावलं चालले की खोकायचे. मी शेंगा फोडत बाजूला बसायची आणि वैतागायची, "अगं, राक्षस अंगावर आलाय आणि तू म्हाताऱ्याला काढा काय पाजतीस?" तर म्हणायची, "खोकतोय की गं तो. पहिल्या गावापासून सोबत हाय." आम्ही दोघी शिकलेल्या बायका, पण तंद्रीत असली की तिच्या तोंडी माहेरची बोली यायची.

असं करत करत ती शेवटच्या तळघरात पोचली. पोरं त्याला डंजन म्हणतात. काय ती जागा! भिंती बकऱ्याच्या आतड्यांसारख्या ओल्या, त्यातून पिवळं काहीतरी ठिबकतंय, खाली अळ्यांचा गालिचा आणि पाय टाकला की पचपच. हे असलं काढायला पगार घेणारी माणसं असतात, म्हणे. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. नंदा तर पदर नाकाला लावून खेळायची, टीव्हीतून वास येत असल्यासारखी! आणि त्या सगळ्या घाणीच्या टोकाला एक दार. ते उघडायचं तर चौघांतल्या एकानं तिथंच राहायचं. राहील त्याला ती भिंत हळूहळू गिळणार. पडद्यावर चार नावं यायची, त्यात नंदाचंही. एक निवडायचं.

त्याच आठवड्यात निखिलनं तिला फोनवर फोटो पाठवले. पुण्याजवळचं म्हाताऱ्या माणसांचं केंद्र. पांढऱ्या चादरी, बाग, रांगेत बसून टाळ्या वाजवणारी माणसं. "छान आहे, आई. सोलापुरात एकटी काय करतीस?" नंदानं फोटो मला दाखवले आणि चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली ती दाराबद्दलच. "मी कुणालाच ठेवणार नाही तितं. वैऱ्यालासुद्धा ठेवू नये असली जागा हाय ती. दुसरी वाट असंल." मग कितीतरी महिने ती रोज दुपारी त्या किळसवाण्या भिंती चाचपडत दुसरी वाट शोधत राहिली. वाट नव्हतीच. एके दिवशी थकून म्हणाली, "माझंच नाव टाकते. बाकीचे जाऊ देत पुढं. आप्पांना काय तितं ठेवायचं नाही." उद्या टाकते म्हणाली आणि त्याच संध्याकाळी पडली...

दहाव्याला कावळा शिवेना. फ्लॅट विकणार नाही असं निखिलनं सांगून झालं, वर्षश्राद्ध थाटात करू असं तिच्या भावानं सांगून झालं. कावळे लांबच. शेवटी निखिल म्हणाला, "आई, तुझा गेम मी पूर्ण करतो." आणि कावळा आला. सगळ्यांनी डोळे पुसले, मीही पुसले. परतताना मी निखिलला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, पूर्ण कर. पण दाराशी तिचं नाव टाक. आप्पांना ठेवू नकोस. तिनं मला सांगितलंय." "हो काकू," म्हणाला.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी परत स्टेटस! पडद्यावर आतषबाजी, खाली "आईची अखेरची इच्छा पूर्ण". मी तशीच समोर गेले. "कुणाला ठेवलंस?"

"म्हाताऱ्याला," तो म्हणाला. "आईचं नाव टाकलं असतं तर वाईट शेवट येतो, काकू. आतषबाजी नसते. आणि तो तसाही काही कामाचा नव्हता."

हे तो मला म्हणाला. गुडघ्याला पट्टा बांधून, भिंतीला धरून उभ्या असलेल्या मला. मी म्हटलं, "परत मागं जा. बदल ते." तर हसला. "आता नाही जाता येत. सेव्ह झालं." आणि मशीनच्या वायरी गुंडाळायला लागला, विकायचं म्हणून. मग कापसाला कसलंसं औषध लावून गेम खेळायचा रिमोट पुसायला घेतला. बटणांच्या फटींत हळद बसली होती. फोडणी टाकून तशीच खेळायला बसायची बया. मी रिमोट त्याच्या हातातून ओढून घेतला.

"काकू, मशीनशिवाय त्याचा काय उपयोग?" निखिलनं विचारलं.

काही उपयोग नाही. माझ्या घरात राहील तो.